दोन ठिपक्यांचं घर

आत्याला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, कॉलरी लक्षात राहतात. रस्त्यात कुणी थांबवून "काय आत्या, ओळखलं का?" म्हणालं, की ती आधी त्याच्या मानेकडे बघते. कॉलर जरा उलटवून आतली बाजू बघायला मिळाली तर बरं, असं तिच्या तोंडावर सरळ लिहिलेलं असतं. मग म्हणते, "तुम्ही चौकोनात फुली. तिसरा मजला. खिशाला कायम शाई." माणूस खूश होऊन जातो. शाईचा डाग का होईना, कुणीतरी आपली आठवण ठेवली.

कोपऱ्यावरची लाँड्री तिच्या वडलांनी घातलेली. वडील गेले, लाँड्री चार भावंडांकडे आली आणि चौघांनी कामं वाटून घेतली. थोरला गाडी चालवतो, घरोघर जाऊन गाठोडी आणतो आणि घड्या पोचवतो. मधला मागच्या खोलीत धुण्याच्या यंत्रांपाशी असतो, त्याला दिवसभर ऐकू कमी येतं आणि संध्याकाळी तो सगळ्यांशी ओरडून बोलतो. धाकटा वाफेच्या इस्त्रीवर. धाकट्याची बायको, म्हणजे वहिनी, काउंटरवर. आणि आत्या खुणा घालते.

हे खुणांचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. दिवसाला पाचशे कपडे येतात, सगळे एका हौदात जातात आणि परत ज्याचे त्यालाच गेले पाहिजेत. त्यासाठी प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीवर, न जाणाऱ्या काळ्या शाईनं, एक बारीक खूण. त्रिकोण, फुली, अर्धा चंद्र, उलटी काठी. खूण माणसाची नाही, घराची. बापाचा शर्ट, आईचा झगा, पोराचा मोजा, सगळ्यांवर एकच. कपडे घरी पोचले की कुणाचं काय ते घरच्यांनी वाटून घ्यावं, त्यात लाँड्रीनं नाक खुपसू नये, असा वडलांचा दंडक. भावंडांच्या घरांनाही खुणा होत्याच. थोरल्याचा त्रिकोण, मधल्याची फुली, धाकट्याचे दोन ठिपके. आत्या एकटी, दुकानाच्या वरच्या खोलीत राहते, तिची एक आडवी रेघ. लग्न का केलं नाही म्हणून कुणी विचारलं तर सांगते, "दुसऱ्याच्या घरची खूण लावून घ्यायची हौस नव्हती."

तिला आत्या म्हणायचा खरा हक्क धाकट्याच्या मुलीचा. थोरल्याला आणि मधल्याला मूलबाळ नाही, त्यामुळे तीन भावांत मिळून भाची ही एकच. पण पोरगी लहानपणी काउंटरखाली बसून "आत्या, आत्या" ओरडायची, ते ऐकून गिऱ्हाइकंही म्हणायला लागली आणि आता पिकल्या केसांचे लोकसुद्धा आत्याच म्हणतात. ती पोरगी आता सव्वीस वर्षांची आहे आणि शहराची बस चालवते. बारा मीटर लांबीची बस. वहिनी म्हणते, "हिला मी सायकल चालवू देत नव्हते, त्याचा हा सूड."

आत्याच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. ओलं गाठोडं छातीशी धरून उचलताना एका जागी टोचलं. तिनं चार दिवस गाठोड्यातल्या बटणाला दोष दिला, पाचव्या दिवशी गाठोडं नसतानाही ते बटण तिथंच होतं, मग गेली डॉक्टरांकडे. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, केस गेले, केस आले. त्या सगळ्या काळात ती डोक्याला टॉवेल गुंडाळून खुणा घालत बसली. "टक्कल पडलं तर पडलं," म्हणायची, "वरच्या मजल्यावर इस्त्रीचा खर्च वाचला." बरी झाली. वर्षातून एकदा तपासणीला जाते. अकरा वर्षं झाली.

पण अकराव्या वर्षीच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला शेजारच्या एका नव्या खोलीत पाठवलं. तिथं एक बाई बसायच्या. त्यांचं काम म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल माणसांशी बोलणं आणि त्यासाठी समोरच्याच्या घराण्याचं झाड कागदावर काढणं. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. आत्यानं त्यांचं नाव झाडवाली ठेवलं आणि झाडवालीला ते आवडलं.

"आईला होता का हा आजार?" झाडवालीनं विचारलं.

"आई अठ्ठ्याऐंशीची होऊन गेली. चार मावश्या, सगळ्या नव्वदीला टेकल्या, दात स्वतःचे. आमच्यात घराण्याचं काही नाही. माझंच नशीब वाकडं."

"आणि वडलांकडच्या बायका?"

हे आत्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. स्तनांचा आजार म्हणजे बायकांचा, बायकांचा म्हणजे आईकडून यायचा, हे तिनं गृहीत धरलेलं. "वडलांकडे बायकाच नाहीत हो," ती म्हणाली. "आजोबा, वडील, चार काका. एकच बहीण होती वडलांना. ती अडतिसाव्या वर्षी गेली. छातीत थंडी बसून."

"थंडी बसून?"

"तसंच सांगायचे घरी."

झाडवालीनं कागदावर एक छोटा गोल काढला आणि त्याच्याभोवती पेन्सिल फिरवत राहिली. मग तिनं आत्याचं रक्त घेतलं.

दीड महिन्यानं निकाल आला. माणसाच्या शरीरात प्रत्येक जनुक जोडीनं असतं, एक आईकडून, एक बापाकडून. त्यातल्या एका जनुकाचं काम म्हणजे पेशींमध्ये रोज होणारी बारीकसारीक मोडतोड दुरुस्त करणं. आत्याकडे त्या जोडीतल्या एकात बिघाड होता.

"म्हणजे रफू करणारी," आत्या म्हणाली.

"अगदी रफू करणारीच."

"माझ्याकडे रफूवाल्या दोन, आणि त्यातली एक जन्मापासून रजेवर."

झाडवाली हसली. "असंच समजा. दुसरी एकटी काम ओढते, बरीच वर्षं ओढतेही. एखाद्या पेशीत तीही बसली, की फाटत जातं. म्हणून ज्यांच्याकडे हा बिघाड असतो त्यांना धोका इतरांपेक्षा बराच जास्त. सगळ्यांनाच आजार होतो असं नाही. आणि हा बिघाड नसलेल्या पुष्कळ बायकांनाही तो होतोच, बहुतेक वेळा तो घराण्यातून आलेला नसतो. पण तुमच्या झाडात तो आलाय."

"कुणाकडून?"

झाडवालीनं झाड पुढं सरकवलं. अडतिसाव्या वर्षी गेलेला तो गोल, त्याच्याशेजारी आत्याच्या वडलांचा चौकोन, त्याखाली आत्या. "बहुधा तुमच्या वडलांकडून. पुरुषांनाही हे असतं, आत्या. ते मुलाला किंवा मुलीला देऊ शकतात, प्रत्येक वेळी शक्यता निम्मी निम्मी. तुमच्या घरात चौकोनच चौकोन, त्यांच्या पोटात बसून ते गुपचूप खाली आलं." मग तिनं पेन्सिल तीन भावांच्या चौकोनांवर टेकवली, आणि धाकट्याच्या चौकोनाखाली जो एकुलता गोल होता त्यावर आणून थांबवली. "ही कोण?"

"आमची बसवाली," आत्या म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आजाराची तिला भीती वाटली.

---

मंगळवारी लाँड्री बंद असते. त्या मंगळवारी दुपारी आत्यानं तिन्ही भावांना इस्त्रीच्या टेबलाभोवती बसवलं. वहिनी होती. बसवालीही आली, तिची पाळी संध्याकाळची होती. आत्यानं सगळं सांगितलं, झाडाचा कागद टेबलावर पसरला. धाकट्यानं सवयीनं त्यावरून तळहात फिरवून त्याच्या घड्या मोडल्या.

"आम्हाला कशाला तपासायचं?" मधला ओरडला. "आम्ही बाप्ये!"

"बाप्यांनाही होतो. क्वचित, पण होतो," आत्या म्हणाली. "छातीला होतो, आणि खाली तुमच्या त्या प्रोस्टेट ग्रंथीलाही धोका वाढतो. झाडवालीनं सांगितलंय."

"खाली" म्हटल्यावर थोरल्यानं मांडी बदलली.

"आणि तुमच्यासाठी नसेल करायचं तर हिच्यासाठी करा," आत्या बसवालीकडे बोट दाखवून म्हणाली. "हिच्या बापाकडे नसेल तर हिच्याकडेही नाही, विषय संपला. असेल तर हिची तपासणी. हिच्याकडे निघालंच तर दरवर्षी छातीचं एमआरआय, पुढं मॅमोग्राफी, गोळ्या आहेत, शस्त्रक्रिया आहे, काय करायचं ते हिनं सावकाश ठरवायचं. मला गाठ लागली तेव्हा ती लिंबाएवढी होती. हिची वाटाण्याएवढी असतानाच सापडेल, नाहीतर होणारच नाही. म्हणून कळायला पाहिजे."

थोरला म्हणाला, बरं. मधला ओरडला, बरं. धाकटा काहीच बोलला नाही. तो एरवीही बोलत नाही. त्याची इस्त्रीच फुसफुस करून त्याच्या वाटचं बोलते, असं गिऱ्हाइकं म्हणतात. पण आज इस्त्री बंद होती आणि सगळे त्याच्याकडे बघत होते.

"मी नाही करणार," तो म्हणाला.

"का रे?"

"नाही करणार."

"अरे, कारण तरी सांग! सुईला घाबरतोस? सुई नाहीच, नुसतं थुंकायचं आहे."

धाकटा उठला आणि मागच्या दारानं निघून गेला. वहिनी म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं झाली, या माणसाची घडी मला नीट उलगडता आली नाही."

त्याच्या मागे बसवाली गेली. मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींच्या दोन रांगांमध्ये तिला बाप सापडला. तो कोरड्या चादरी पुन्हा चाचपून बघत होता.

"बाबा, मी स्वतःच तपासून घेणार आहे. तुम्ही करा नाहीतर नका करू. मी सज्ञान आहे, दिवसाला हजार माणसं माझ्या भरवशावर बसतात."

"माहीत आहे मला."

"मग कशाला भिता?"

धाकट्यानं चादरीचं टोक धरून ठेवलं. "तुझ्यात निघालं," तो म्हणाला, "तर ते मी दिलेलं असेल. तुला जन्मात एक सायकल घेऊन दिली नाही मी, आणि हे दिलं असेल."

बसवाली चादरीखालून वाकून त्याच्यासमोर आली. "उंची तुम्हीच दिलीत ना? त्या उंचीवर मला बस मिळाली. आईच्या उंचीनं मी पेडलपर्यंत पोचले नसते." मग तिनं त्याच्या हातातली चादर काढून घेतली. "तुम्ही काय निवडून दिलं का, हे घे, हे नको घेऊ? जे होतं ते आलं. चला आत. नाहीतर मधले काका पुन्हा ओरडतील आणि अख्ख्या गल्लीला कळेल."

तो आत आला.

---

नळ्या झाडवालीनंच दिल्या होत्या. घरी थुंकून आणायच्या. त्याआधी अर्धा तास खायचं नाही, प्यायचं नाही. नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ भरली पाहिजे आणि फेस धरायचा नाही.

"फेसाचं आम्हाला सांगते," मधला ओरडला. "जन्म फेसात गेला!"

पुढच्या मंगळवारी सकाळी तीन भाऊ तीन स्टुलांवर हातात नळी धरून बसले आणि तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. अक्षरशः. थोरल्यानं गाल आत ओढून बघितले, जीभ फिरवून बघितली. मधल्यानं जोर लावला तर नुसता आवाज आला. धाकटा नळीत डोळा घालून बघत होता, जणू ती आपोआप भरेल.

"तीन धडधाकट बाप्ये," वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली, "आणि चमचाभर थुंकी निघेना."

"तू बघू नकोस मग!" थोरला म्हणाला. "कुणी बघत असलं की होत नाही."

मग आत्या त्यांच्यासमोर उभी राहिली आणि हळू आवाजात बोलायला लागली. "डोळे मिटा. पिवळंधमक लिंबू आहे. मोठं. सुरीनं मधोमध कापलं. अर्धं उचललं. रस बोटांवर ओघळतोय. त्याच्यावर मीठ टाकलं, भरपूर, आणि आता जिभेवर पिळायचं, सगळं, एका दमात..."

थोरल्याचा चेहरा आक्रसला. मधल्याच्या घशातून गुळगुळ झाली. धाकट्याची नळी सगळ्यांत आधी रेघेला लागली. वहिनीलाही पदर तोंडाला लावावा लागला. इतकं हसणं त्या टेबलाभोवती बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. त्यातच बसवाली गणवेशात आली, टेबलावरची चौथी नळी घेतली, एका मिनिटात भरली, झाकण लावलं, "ड्रायव्हरला दिवसभर कुणावर तरी थुंकावंसं वाटतं, साठा असतोच," म्हणाली आणि कामावर गेली.

राहिलं फक्त नळ्यांवर नाव घालायचं. त्यासाठी सोबत कागदी चिकटपट्ट्या होत्या, नाव आणि जन्मतारीख लिहायला. आत्यानं त्या पट्ट्यांकडे तुच्छतेनं बघितलं. आयुष्यात तिनं कागदाची एकही चिठ्ठी पाण्यापुढं टिकलेली बघितली नव्हती. कुठं भिजली, कुठं निघाली, की आला घोटाळा. तिनं शाईची बाटली काढली, बारीक टाक घेतला आणि प्रत्येक नळीवर स्वच्छ, ठाशीव, जन्मात न जाणारी खूण घातली. त्रिकोण. फुली. दोन ठिपके. चौथी नळी उचलली. कुणाची? बसवालीची. कुठलं घर? हात आपोआप चालला. दोन ठिपके. मग वहीच्या कागदावर यादी केली: त्रिकोण, थोरला, नग एक. फुली, मधला, नग एक. दोन ठिपके, धाकट्याचं घर, नग दोन.

---

महिन्याभरानं झाडवालीचा फोन आला, सगळ्यांनी या म्हणून. ती खोली चार जणांची. तिथं थोरला, मधला, धाकटा, वहिनी, बसवाली आणि आत्या असे सहा जण मावले. बसवाली खिडकीच्या कट्ट्यावर टेकली. तिनं हसून बघितलं, पण गणवेशाची टोपी ती दोन्ही हातांनी पिळत होती.

"आधी सोपं सांगते," झाडवाली म्हणाली. "त्रिकोण आणि फुली, तुमच्यात बिघाड नाही."

"नाही?" थोरला म्हणाला. त्याचा आवाज थोडा पडला. "मी थोरला आहे."

"म्हणून काय झालं?" आत्या म्हणाली. "पहिला मान यात पण पाहिजे का तुला?"

"आणि आता," झाडवालीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला, "आत्या, हे दोन ठिपके काय आहे?"

"आमच्या धाकट्याचं घर."

"पण नळ्या दोन आहेत. दोन्हींवर दोन ठिपके. नावं नाहीत, तारखा नाहीत. प्रयोगशाळेनं खरं तर त्या परत पाठवायला हव्या होत्या. तिथं कुणाला तरी वाटलं की ही आमच्या दवाखान्याची नवी पद्धत आहे. त्यांनी दोन्ही तपासल्या. बापाची कुठली, मुलीची कुठली, मला माहीत नाही. बाई की पुरुष, ते शोधता येतं, पण ते या तपासणीत बघितलेलं नाही, आणि अंदाजानं मी कुणाला काही सांगणार नाही. तुम्हाला दोघांना पुन्हा द्यावं लागेल."

आत्याचं तोंड उतरलं. चाळीस वर्षांत तिच्या हातून एक रुमाल इकडचा तिकडं गेला नव्हता. आणि गेला तो हा. "मी... आमच्यात घराला एक खूण असते," ती पुटपुटली. "माणसाला नसते."

"पुन्हा महिना?" वहिनी म्हणाली. "अहो, महिनाभर ही पोरगी जेवेना झालीय. काय निघालंय ते तरी सांगा. दोन्हींत आहे की दोन्हींत नाही?"

झाडवाली घुटमळली. मग धाकट्याकडे आणि बसवालीकडे बघून म्हणाली, "तुम्हा दोघांची हरकत नसेल तर सांगते." दोघांनी माना हलवल्या. "एकीत आहे. आत्यांच्यात आहे तोच, नेमका तोच बिघाड. आणि एकीत नाही."

बसवालीनं टोपी पिळायची थांबवली. आत्याला वाटलं, आता हिला महिनाभर निम्म्या निम्म्यावर लटकवून ठेवलं मी, माझ्या शाईनं.

तेवढ्यात धाकटा हसला.

त्याला हसताना घरच्यांनी बघितलं होतं, ऐकलं नव्हतं. तो मोठ्यानं हसला आणि त्यानं टेबलावर थाप मारली, त्यामुळे झाडवालीचा चष्मा उडाला. "मग ती माझी नळी!" तो म्हणाला.

"ते सांगता येत नाही, मी म्हटलं ना..."

"येतं की हो! लाल कपडा आणि पांढरा कपडा एकत्र भिजवला तर लालाचा रंग पांढऱ्याला लागतो, कधी लागतो, कधी नाही लागत. पण पांढराच लालाच्या जागी असेल तर रंग येणार कुठून? हिच्यात असेल आणि माझ्यात नसेल, असं होईलच कसं? हिला आणणार कोण? आपल्या घरात हे येतं ते माझ्याच हौदातून. एकीत आहे आणि एकीत नाही म्हणजे आहे ते माझ्यात. आणि नाही ते हिच्यात." इतकं बोलून त्याला दम लागला. अठ्ठावीस वर्षांत तो सलग इतका बोलला नव्हता.

सगळ्यांनी झाडवालीकडे बघितलं. ती कागदाकडे बघत होती. मग सावकाश म्हणाली, "आईकडून येऊ शकलं असतं, पण नेमका आत्यांच्यातलाच बिघाड वहिनींच्या घराण्यातही असणं..."

"माझ्या माहेराला यात ओढू नका," वहिनी म्हणाली. "त्यांनी आधीच बुटकेपणा दिलाय."

"...जवळजवळ अशक्य. तुमचं बरोबर आहे," झाडवाली धाकट्याला म्हणाली. "माझ्याआधी तुम्ही सांगितलंत. तरी मी पुन्हा नळ्या घेणार. कागद हातात येईपर्यंत पक्कं म्हणायचं नाही."

"घ्या ना, घ्या! दहा घ्या!" धाकटा म्हणाला. "लिंबाचीसुद्धा गरज नाही आता."

बसवाली खिडकीवरून उतरली आणि तिनं बापाला मिठी मारली. तो अवघडला, पण त्यानं हात काढला नाही. "बाबा, हसताय काय," ती त्याच्या खांद्यात म्हणाली. "तुमच्यात आहे ते."

"माझ्यापाशी थांबलं," तो म्हणाला. "माझ्यापाशी येऊन थांबलं ग. आजोबांकडून आलं, माझ्यापर्यंत आलं, आणि पुढं गेलं नाही." मग त्यानं आत्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं. तो म्हणाला, "तू का रडतेस? लहानपणी सगळं तुला मिळायचं आणि मला उरलेलं. या एका गोष्टीत बापानं सारखी वाटणी केली."

"गाढवा," आत्या म्हणाली, नाक पुसत. तिनं नाक पुसलेला रुमाल थोरल्याचा होता, कोपऱ्यात त्रिकोण होता, आणि थोरल्यानं तो परत घ्यायला हात पुढं केला नाही.

---

दुसऱ्या वेळी बाप आणि लेक झाडवालीच्या खोलीत, तिच्यासमोर थुंकले. नळ्यांवर तिनं स्वतः पट्ट्या चिकटवल्या. निकाल धाकट्यानं सांगितला होता तोच आला. बसवालीच्या कागदावर झाडवालीनं एक ओळ वेगळी वाचून दाखवली: याचा अर्थ तुला कधीच काही होणार नाही असा नाही, इतर बायकांना असतो तेवढा धोका तुलाही आहे, ठरल्या वयापासून मॅमोग्राफी करायची, दारू-सिगारेटपासून लांब राहायचं, हातपाय हलते ठेवायचे. "दिवसभर बसून असतेस ना?" ती म्हणाली. बसवाली म्हणाली, "बसवर बसायचाच पगार मिळतो. पण शेवटच्या थांब्यावरून चालत येत जाईन." आणि ती खरोखर चालत येते, दोन मैल, आठवड्यातून पाच दिवस. वाटेत दुकानात डोकावते आणि काउंटरवरून आईशी भांडून जाते.

आत्याला अकरा वर्षं तपासणीला सोबत नव्हती. भाऊ दारापर्यंत सोडायचे आणि गाडीत बसून राहायचे, आतल्या भिंतींवर कसली चित्रं असतील या धास्तीनं. या वर्षी धाकट्याची आणि तिची तारीख एकाच दिवशी घेतली. प्रतीक्षेच्या खोलीत चौदा बायका आणि धाकटा. तो खुर्चीच्या कडेला बसला, गुडघे जुळवून, जणू बसमध्ये लेडीज सीटवर चुकून बसलाय. शेजारची एक म्हातारी वाकून आत्याला म्हणाली, "नवरा सोबत येतो, नशीबवान आहेस."

"भाऊ आहे," आत्या म्हणाली. "आणि सोबत नाही आला. त्याचाही नंबर आहे."

म्हातारीनं धाकट्याकडे नीट बघितलं, वरून खाली. मग तिनं आपली पिशवी उचलली आणि त्याला नीट टेकून बसायला जागा करून दिली. "बस बाबा," ती म्हणाली. "पहिल्यांदा हात गार लागतात त्यांचे. दचकू नकोस."

नर्स आली. "चला," म्हणाली, आणि आत्याकडे बघून थबकली, मग कागदाकडे, मग धाकट्याकडे. "तुम्ही?"

"मी," धाकटा उभा राहिला. नर्सनं त्याच्या हातात पुढून उघडणारा निळा गाऊन दिला आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यातल्या पडद्यामागं बदलायला सांगितलं. तो पडद्यामागं गेला. बराच वेळ गेला. पडदा हलेना.

"झालं का?" नर्सनं विचारलं.

पडद्याच्या फटीतून धाकट्यानं डोकं बाहेर काढलं. शर्ट अजून अंगावर, गाऊन दोन्ही हातांत ताणून धरलेला. "आत्या," तो म्हणाला. बहिणीला तोही आता आत्याच म्हणतो. "ही घडी बघ. शिवण उलटी दाबलीय. हे कुठं देतात धुवायला, विचार की त्यांना."

"मी विचारते," आत्या म्हणाली. "तू आधी शर्ट काढ."

चौदा बायका हसल्या. धाकटा लाल झाला, पडद्यामागं गेला, आणि या वेळी बटणं सुटल्याचा आवाज आला.